कट्ट्यावरची दुसरी छत्री

ठकीच्या डाव्या कानाच्या वर बोटभर जागेत केस अजून आखूड आहेत. बाकीचं जावळ मानेवर आलंय. कुरळं, मऊ, उन्हात मक्याच्या कणसाच्या केसांसारखं तांबूस दिसतं. तेवढीच जागा मागं राहिली. तिला न्हाऊ घालताना माझा हात रोज तिथं अडतो. पहिलं जावळ मामाच्या मांडीवर उतरवायचं असतं, सोयगावला, माझ्या भावाच्या मांडीवर. त्याच्या आधीच दवाखान्यातल्या सिस्टरनं तिथं वस्तरा फिरवला, सलाईनची सुई लावायला. हाताला शीर सापडत नव्हती, इतकी सुकली होती माझी लेक. अजून मान धरायला शिकत होती तेव्हा.

हे कुणामुळं झालं ते मला माहीत होतं. जिच्यामुळं झालं, तिलाही माहीत होतं. बाकी सगळ्या भावकीला एवढंच माहीत होतं की शिवराजच्या बायकोला लेकरू सांभाळता येत नाही.

मोनिकाताई माझ्या मोठ्या जाऊबाई. इंद्रजीत भाऊजींनी दौलताबाद रस्त्याला फार्महाऊस बांधलं, मागं किल्ल्याचा डोंगर आणि पुढं निळ्या फरशीचा स्विमिंग पूल. मागच्या वर्षी वैशाखात त्याची वास्तुशांत होती. मी ओल्या अंगाची बाळंतीण. नुकती सव्वा महिन्यातून बाहेर पडून माहेराहून परत आलेली. ठकीला मांडीवर घेऊन मांडवाच्या कडेला, कूलरसमोर बसले होते. येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या मांडीत डोकावायची, मग ताईंकडं बघायची.

ताई हसत हसत माझ्याकडं आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "सोनिया, मागच्या शेडात बस ना जरा. बाळ रडतंय, व्हिडिओत आवाज येतो."

"ताई, पत्र्याचं आहे ते."

"थोडा वेळ गं. होम झाला की मी स्वतः बोलवते तुला."

जनरेटरचं शेड ते. वरून पत्रे, तिन्ही बाजूंनी पत्रे, शेजारी पाण्याच्या रिकाम्या टाक्या. मी बसले. होम झाला, आरती झाली, पंगती उठल्या. मी दोनदा बाहेर आले. दोन्ही वेळा ताईंनी लांबूनच हात केला, थांब म्हणून. घरातल्या थोरल्या सुनेचा कार्यक्रम, धाकटीनं कसा मोडायचा? मी पदरानं वारा घालत राहिले. ठकी आधी रडली, मग कुरकुरली, मग गप्प झाली. मला वाटलं, झोपली. मग लंगोट चाचपला, तर तो कोरडाठाक. ओठ कागदासारखे झाले होते. टाळू आत गेली होती.

दवाखान्याच्या जिन्यात बायका जमल्या तेव्हा ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगत होत्या, "नवीन आई आहे हो. डोळा लागला असेल बिचारीचा. ऊन अंगावर आलं, हिला कळलंच नाही."

मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात आतून ठकीचा आवाज आला आणि मी आत पळाले. बोलायची वेळ निघून गेली ती गेलीच. नंतर सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "जाऊ दे, नवीन आईला झोप येतीच." सासूबाई म्हणजे चंपाबाई, आम्ही दोघी त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या दिवसापासून त्यांनी ठकीला माझ्याजवळ एकटं सोडलं नाही. मी तिला अंघोळ घालायला बसले की त्या मोरीच्या दारात उभ्या. मी तिला खिमट भरवायला बसले की "गार केलं का?" रात्री तिला शिंक आली की पलीकडच्या खोलीतून, "सोनिया, लक्ष हाय ना?" माझ्या पोटच्या पोरीला मी जणू उसनी घेतलेली.

मी कुणाशी भांडले नाही. भांडणाला उत्तर देता येतं. मला असं काही हवं होतं ज्याला ताईंना उत्तर देता येणार नाही.

ते संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर आपल्या पायानं चालत आलं.

बजाजनगरला आमचा छोटा कारखाना आहे. स्टीलचे कठडे, शिड्या, हॉटेलांच्या पूलचं फिटिंग. शिवराज वेल्डिंगचं बघतात, मी साइटवर जाऊन मापं घेते. ताईंनी कुठल्यातरी हॉटेलचा फोटो पाठवला. पाण्यातच उभी असलेली पांढरी छत्री, खाली पाय बुडवून बसलेली बाई. मागोमाग फोन.

"सोनिया, असं मला पायजे. होतं का तुमच्याकडं?"

"होतं ताई. छत्रीचा दांडा रोवायला कट्ट्यात नळी बसवावी लागंल. येते मी."

त्यांच्या पूलला घराकडच्या बाजूनं एक उथळ कट्टा आहे, घोटाभर पाण्याचा. कट्ट्याच्या आतल्या अंगाला, भिंतीला लागून, ताईंनी दगडी बैठक बांधून घेतली होती, राणीच्या सिंहासनासारखी. तिथं बसलं की फोटोत मागं बरोबर देवगिरीचा डोंगर येतो. ती बैठक त्यांचा जीव की प्राण. कट्टा जिथं संपतो तिथून एकदम खोल पाणी.

पूलचं पाणी कट्ट्याखाली उतरवलं आणि दुपारी आम्ही आखणीला गेलो. आमच्याकडचा फकिरा एका लांब पाइपला छत्री बांधून उभा राहिला. ताई शाल पांघरून बैठकीवर बसल्या.

"मागं घे रे. अजून. अजून मागं. हां! इथं. बघ गं सोनिया, सावली कशी बरोबर तोंडावर बसली."

फकिरा कट्ट्याच्या पार बाहेरच्या काठाला पोचला होता, खोल पाण्याच्या टोकाशी. पौषातलं ऊन दक्षिणेकडून तिरपं येत होतं. छत्री तिथं दूर आणि सावली इथं बैठकीवर, चादरीसारखी पसरलेली.

माझ्या हातात खडू होता.

सोयगावला आमच्या घरासमोर कडुलिंब आहे. पौषात त्याची सावली सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसते, आई तिथं बसून तूर पाखडते. आणि चैत्र-वैशाखात कुरडया घालायच्या वेळी त्याच ओट्यावर भर दुपारी सावलीचा थेंब नसतो. सावली गोळा होऊन झाडाच्या बुडाशी गेलेली असते. म्हणून तर वाळवण ओट्यावर घालतात. लहानपणी मी राखणीला बसायचे तेव्हा आई म्हणायची, "सावलीच्या मागं मागं सरकू नको, सोने. ती हिवाळ्यात पाहुणी येती, उन्हाळ्यात आपल्या घरी जाती." आमच्या भागात वैशाखात एक दिवस तर असा येतो की दुपारी खांबाची सावली खांबाच्याच पायात बसते, शोधून सापडत नाही.

ताईंना हे कसं माहीत असणार? त्यांचं माहेर शहरातलं, कुरडया विकतच्या. त्यांनी छत्रीची जागा हिवाळ्याच्या उन्हावर ठरवली होती.

एक वाक्य बोलायचं होतं मला. ताई, ही जागा मे महिन्यात कामाची नाही. एवढंच. ठकी माझ्या कडेवर होती. तिनं मान वळवली आणि ती बोटभर जागा माझ्या डोळ्यासमोर आली.

"तुम्ही म्हणाल तिथं, ताई," मी म्हणाले, आणि वाकून खडूनं गोल काढला.

मग ओळंब्यात पाइप धरायच्या निमित्तानं मी कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं पायऱ्यांच्या बाजूला भिंतीशी एक बसकी पायरी आहे, एका बाईला लेकरू घेऊन बसता येईल एवढीच. तिथंही मी एक गोल काढला.

"ते कशाला गं?"

"जास्तीची असू द्या. पाहुण्यांना."

"तिथं कोण बसतंय कोपऱ्यात! बरं, झाकण नीट बसव. पायाला लागायला नको."

"झाकण मी स्वतः करते ताई."

दोन्ही नळ्या दुसऱ्या दिवशी बसल्या. यंत्रानं कट्ट्याला गोल भोक पाडलं, त्यात स्टीलची नळी उतरवली, भोवती न गळणारा मसाला भरला. शिवराजनं विचारलं, "दुसरी बारीक का केलीस? त्यांच्या छत्रीचा दांडा बसायचा नाय हिच्यात."

"बसायला नकोच आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ठकीकडं बघितलं. आणि झाकणाला आटे पाडून दिले. ते झाकण फरशीच्या पातळीत बसतं, नुसत्या हातानं उघडत नाही. दोन दातांची एक किल्ली लागते. ती मी बनवून घेतली, एकच.

माझा बेत साधा होता. वैशाखात घरात काही ना काही कार्यक्रम निघतोच. त्या दिवशी ताई आपल्या सिंहासनावर उन्हात बसतील, समोर त्यांची पांढरी छत्री पाण्यातल्या बेडकांवर सावली धरून उभी राहील, आणि मी माझ्या लेकीला मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या सावलीत बसेन. सगळ्या भावकीनं बघावं, उन्हात कोण आहे आणि लेकरू कुणाला सांभाळता येतं. रोज ठकीला झोपवताना, तिच्या पाठीवर थापटत, मी ते चित्र रंगवायचे. अंगाईसारखं. माझी लेक झोपायची आणि माझा राग जागा राहायचा.

मार्चमध्ये आत्याबाई पेढे घेऊन आल्या. ताईंना दिवस गेले होते. तीन महिने होईपर्यंत आमच्याकडं कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते. म्हणजे खडूचा गोल मी काढला, त्या दिवशी शालीखाली ते होतं.

त्या रात्री ठकीला थापटताना मला चित्र रंगवता आलं नाही. मोनिकाताईंशी माझं वैर होतं. त्यांच्या पोटात जे होतं त्यानं माझं काय केलं होतं?

आणि मग कळलं, सातव्या महिन्याचं डोहाळजेवण मेमध्ये, पूलवर, त्याच बैठकीवर. कुणी झोपाळ्यावर करतं, कुणी होडीत. ताईंना पाण्यात पाय सोडून, फुलांचे दागिने घालून करायचं होतं. दुपारी, जेवणाआधी. मी मुद्दाम भेटायला गेले. खरंच सांगायला गेले होते.

"ताई, संध्याकाळी ठेवा ना. दुपारी तिथं सावली नसंल."

"नसंल कशी? जानेवारीत बघितली की आपण. तुझ्यासमोरच."

"ते जानेवारीचं ऊन होतं ताई. वैशाखात..."

त्या हसल्या. खोलीत त्यांच्या दोन मैत्रिणी बसल्या होत्या, त्यांच्याकडं बघून हसल्या. "तू मला उन्हाचं सांगू नको गं सोनिया. तुझं ऊन आम्ही सगळ्यांनी बघितलंय दवाखान्यात."

मैत्रिणींनी हळूच एकमेकींकडं पाहिलं. मी उठले. "बरं," म्हणाले. येताना रिक्षात ठकीचं डोकं छातीशी घट्ट धरलं होतं, आणि चित्र परत आलं होतं, आधीपेक्षा लख्ख.

फक्त त्यात मी एक भर घातली. डोहाळजेवणाला घरून निघताना सुती टॉवेल घेतला, साखर-मीठ-लिंबाच्या पाण्याचा थर्मास घेतला. आणि बजाजनगरच्या बाजारातून भाजीवाले लावतात तशी मोठी छत्री घेतली, लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या पाकळ्यांची. तिच्या दांड्याच्या मापाचीच नळी मी केली होती.

त्या दिवशी सकाळपासून वारा नव्हता. किल्ल्याचा डोंगर भाकरीच्या तव्यासारखा दिसत होता. मुहूर्त अकराचा होता, म्हणजे बायका बारा वाजून गेल्यावर जमल्या. फोटोवाला त्याच्याही नंतर आला. मी कोपऱ्यात जाऊन झाकण उघडलं, छत्री रोवली, पायरीवर बसले आणि ठकीचे पाय पाण्यात सोडले. ती छपछप करायला लागली.

"ही काय गं गाड्यावरची छत्री आणली!" ताईंची मैत्रीण म्हणाली. "फोटोत येईल ना."

"मी फोटोत नाहीच," मी म्हणाले. "मी कोपऱ्यात."

ताई आल्या. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होत्या. हिरवी साडी, मोगऱ्याचे बाजूबंद, मोगऱ्याचा मुकुट, पोट नुसतं तेजानं भरलेलं. त्या जाऊन सिंहासनावर टेकल्या आणि लगेच अर्ध्या उठल्या. दगड तापला होता. कुणीतरी धावत जाऊन उशी आणली. त्यांनी वर बघितलं. मग समोर. पांढरी छत्री पूर्ण उघडलेली होती, आणि तिची सावली तिच्याच दांड्याभोवती, कट्ट्याच्या काठावर आणि खोल पाण्यावर, गोल बसली होती. दगडापर्यंत तिची किनारसुद्धा येत नव्हती.

"येईल आता सावली," ताई म्हणाल्या. "जानेवारीत बरोबर येत होती."

बायका औक्षणाला पुढं झाल्या. गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्याला ताई हसत होत्या. तिसऱ्याला मुकुटातल्या मोगऱ्याच्या कळ्या तपकिरी पडायला लागल्या. काजळ उतरलं. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, डोळे उघडा ना." एवढ्या उन्हात कोण डोळे उघडणार?

आमच्या चुलत आजेसासू आवडाबाई काठी टेकत कट्ट्याजवळ आल्या. त्यांना कुणाची भीड नाही.

"अगं माय, ही छत्री सावली धरती कुणाला? मासोळ्यांना व्हय?"

बायका फिसकन हसल्या.

"पाण्यात मासोळ्या नाहीत, आजी," ताई दात आवळून म्हणाल्या.

"मग तर आणखीच अवघड झालं!"

आता सगळ्या मोठ्यानं हसल्या. आत्याबाईंना ते आवडलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सोनिया, तुमच्याच कारखान्याची ना गं छत्री? बघ की जरा, फिरव तिला."

"फिरत नाही आत्याबाई. नळी पक्की असती. जागा ताईंनी दाखवली तिथंच बसवली, खडूनं आखून. फकिराला इचारा."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच, नीट. रंगीत छत्रीखाली मी, माझ्या मांडीवर ठकी, तिच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. त्यांना सगळं कळलं. मला ते दिसलं, आणि खरं सांगते, गार पाण्याचा घोट घशाखाली उतरावा तसं वाटलं.

"पुढं सरकून बस गं, त्या छत्रीखाली," एक बाई म्हणाली.

"खोल पाण्याच्या काठाला? भरल्या पोटानं?" आवडाबाई कडाडल्या. "काय डोकं ठिकाणावर हाय का? घरात चल म्हणावं."

"ओटी भरल्याशिवाय उठू नये," आत्याबाई म्हणाल्या. "उठली की अर्धवट राहतं. आटपा गं बायांनो, आटपा." पण पुढं अजून वीस-पंचवीस बायका ओट्या घेऊन उभ्या होत्या. प्रत्येकीला फोटो हवा होता.

ताई हट्टी. उठल्या नाहीत. मी बघत होते. मला हवं होतं ते सगळं समोर चाललं होतं आणि मी एकेक घास चावून खावा तसं ते बघत होते. मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. ओठ कोरडे होते. कागदासारखे.

ते मी कुठंही ओळखलं असतं.

ठकीला कडेवर घेऊन मी घोटाभर पाण्यातून त्यांच्यापर्यंत चालत गेले. ओला टॉवेल त्यांच्या मानेवर टाकला. वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, जसं त्या मला म्हणाल्या होत्या तसंच, हसत हसत.

"ताई, माझ्याकडं सावली आहे. चला. पण तिथं बसलात की मागच्या वर्षी शेडात मला कुणी बसवलं ते सांगायचं. मोठ्यानं."

त्यांनी माझा हात धरला. तळहात तापलेला होता.

"उठली! उठली बघा!" आत्याबाई.

"ओटी तिथंच भरा," मी म्हणाले. "पाणी तेच, कट्टा तोच. अर्धवट नाही राहात."

"व्हय, देवाला काय दगडच लागतो का?" आवडाबाई म्हणाल्या, आणि प्रश्न मिटला.

ताईंना मी माझ्या पायरीवर बसवलं. थर्मास हातात दिला. त्या गटागटा प्यायल्या, पाय पाण्यात सोडले, डोळे मिटले. रंगीत उजेड त्यांच्या पोटावर पडला होता, एक लाल पाकळी, एक पिवळी. बायका भोवती जमल्या.

"आता बरं वाटलं," ताई म्हणाल्या. "चला, गाणं म्हणा पुढचं."

मी वाट पाहिली. गाण्याची ओळ सुरू झाली. ताई माझ्याकडं बघत नव्हत्या.

मग मी एका हातानं ठकीला सावरलं, दुसऱ्या हातानं छत्रीची खीळ काढली आणि दांड्यावरचं कडं वीतभर खाली घेतलं. छत्री आक्रसली. ताईंचे गुडघे उन्हात आले.

त्यांनी चमकून वर बघितलं. मी हसले. आणखी वीतभर खाली घेतलं.

"अगं, काय करतीस सोनिया?" आत्याबाई ओरडल्या. "मिटायला लागली ती!"

"कडं ढिलं झालंय आत्याबाई. ताईंना काहीतरी बोलायचंय, तोवर दुरुस्त करते."

गाणं थांबलं. ऊन ताईंच्या मांडीपर्यंत आलं होतं. पोटावर येऊ देणार नव्हते मी, कडं माझ्याच मुठीत होतं. पण ते ताईंना कुठं माहीत होतं?

"मी बसवलं होतं," ताई म्हणाल्या.

"काय गं?"

"वास्तुशांतीला. सोनियाला, मागच्या शेडात. ती नको म्हणत होती. दोनदा बाहेर आली, मी दोनदा परत पाठवली. तिचा डोळा लागला नव्हता. मी खोटं बोलले."

मला एवढंच हवं होतं. पण त्या थांबल्या नाहीत.

"व्हिडिओचं कारण नव्हतंच. येणारी प्रत्येक बाई आधी हिच्या मांडीकडं बघायची, मग माझ्याकडं. 'मोनिका, तुझं कधी?' माझ्या घराची शांत, माझ्या दारात. सहा वर्षं ऐकत होते मी. हिची मांडी कुणाला दिसू नये, एवढंच मला... मला काय माहीत, पोरीचं इतकं होईल."

त्या रडत होत्या. विचारणाऱ्यांपैकी निम्म्या तिथंच उभ्या होत्या, त्या हातातल्या ओट्यांकडं बघत होत्या. मी कडं वर चढवलं आणि खीळ घातली. छत्री पूर्ण उघडली. मला त्यांची दया आली का? आली, थोडी. पण ठकीच्या डोक्यात सुई गेली तेव्हा ती रडलीसुद्धा नव्हती, रडायला पाणी नव्हतं अंगात. ते मी विसरायला गेले तरी बोटं विसरत नाहीत.

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. तोंड उतरलं होतं. "मला सांगायचं नाहीस व्हय गं?"

"सांगितलं होतं आत्याबाई. तुम्ही म्हणालात, नवीन आईला झोप येतीच."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग हात पुढं केले, ठकीला घ्यायला. आणि मी, वर्षभरात पहिल्यांदा, म्हणाले, "राहू द्या. माझ्याजवळ नीट आहे ती."

हात मागं गेले. आवडाबाईंनी काठी आपटली. "झालं का तुमचं रडगाणं? पोटातलं भुकेलं झालं असंल. त्या वाट्या आणा इकडं."

झाकलेल्या दोन वाट्या आणल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. आई होणारीनं एक उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. ताईंनी डोळे पुसले, हात पुढं केला. तेवढ्यात ठकीनं माझ्या कडेवरून झेप घेतली, एक झाकण उडवलं आणि आतलं जे होतं ते सगळं तोंडात कोंबलं.

"काय होतं गं? काय होतं?"

"कुणास ठाऊक! दाखव गं ठकू. आ कर. आऽ"

ठकीनं तोंड घट्ट मिटलं. दुसरी वाटी उघडली असती तर कळलं असतं. पण बायका इतक्या हसत होत्या की ते कुणाला सुचलंच नाही. हसता हसता ताईंचा हात ठकीच्या डोक्यावर गेला, नेमका कानाच्या वर. त्यांची बोटं तिथं थांबली. आखूड केस त्यांना लागले. त्यांनी हात काढून घेतला नाही, मीही सांगितलं नाही, काढा म्हणून.

ओट्या तिथंच भरल्या. आता सगळे फोटो भाजीच्या गाड्यावरच्या छत्रीखालचे आहेत, डोंगर एकातही नाही.

उन्हं कलल्यावर पाहुणे गेले. आता पांढऱ्या छत्रीची सावली लांब होऊन अंगणातल्या रिकाम्या खुर्च्यांवर पसरली होती. मी माझी छत्री काढली, नळीतलं पाणी कापडानं टिपलं, झाकण बसवलं आणि किल्लीनं आवळलं. ताई मागं येऊन उभ्या होत्या, अनवाणी, मुकुट हातात.

"किल्ली राहू दे ना इथंच," त्या म्हणाल्या. "पुढच्या उन्हाळ्यात बाळ दहा महिन्यांचं असेल. पाण्यात बसवीन म्हणते त्याला."

"बसवा की."

"मग किल्ली?"

"लागली की फोन करा ताई. मी येते उघडायला."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या दगडी बैठकीकडं. दगड अजून तापलेला असणार.

"आणि तुझी छत्री?"

"ती पण घेऊन येईन. लेकरू उन्हात राहणार नाही तुमचं, माझा शब्द आहे. पण फोन करावा लागंल."

त्यांनी मान हलवली. मग पाण्याकडं बघत, "ठकीला आणशील ना?"

"ठकीला तर आणीनच," मी म्हणाले. "सावली तिचीच आहे ती."

घरी परतताना शिवराज गाडी चालवत होते. आत्याबाई पुढं बसल्या होत्या, रस्ताभर मागं वळून बघितलं नाही, एकदाही म्हणाल्या नाहीत, लक्ष हाय ना. मी मागं एकटी, आणि माझी लेक माझ्या मांडीवर, गालाला पेढ्याचा की बर्फीचा चिकट डाग, मुठीत किल्ली. झोपेत तिची बोटं सैल झाली. मी किल्ली हळूच काढून घेतली, पदराच्या टोकाला बांधली, आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.